संत जेरोम यांचे स्वप्न : एक पुनर्वाचन

स्वप्नाचा अर्थ विचारण्यासाठी श्रद्धावंत माणसे धर्मगुरूंकडे आणि धर्मशिक्षकांकडे येतात, हा आपल्या सर्वांचा नित्याचा अनुभव आहे. दिवंगत पती स्वप्नात उपाशी दिसले, तेव्हा त्यांच्यासाठी मिस्सा अर्पावी काय, असे एखादी विधवा विचारते. परीक्षेत उत्तरपत्रिका कोरी राहिल्याचे स्वप्न आजही पडते, यात काही संकेत आहे काय, असे सेवानिवृत्त गृहस्थ विचारतात. अशा वेळी आपल्या जिभेवर दोन उत्तरे तयार असतात. एक, 'हा देवाचा संदेश आहे.' दुसरे, 'स्वप्नच ते, विसरून जा.' नवल असे की, ही दोन्ही उत्तरे एकाच थोर पुरुषाने, स्वतःच्या एकाच स्वप्नाविषयी, सुमारे सतरा वर्षांच्या अंतराने दिलेली आहेत. ते पुरुष म्हणजे संत जेरोम. त्यांचे हे दोन लेख शेजारी ठेवून वाचण्याचा आमचा मानस आहे.

पहिला लेख म्हणजे इ. स. 384 मध्ये रोमहून युस्टोकियम या व्रतस्थ तरुणीस लिहिलेले दीर्घ पत्र. त्यात जेरोम आपल्या तरुणपणीची हकीकत सांगतात. स्वर्गराज्यासाठी त्यांनी घर सोडले, आईवडील व बहीण सोडली, आणि त्याहूनही कठीण म्हणजे चविष्ट अन्नाची सवय सोडली. मात्र रोममध्ये कष्टाने जमविलेला ग्रंथसंग्रह त्यांना सोडवेना. उपवास करावा तो सिसेरो वाचण्यासाठी. रात्र रात्र अश्रू ढाळावेत आणि मग प्लॉटसचे नाटक हाती घ्यावे, असा क्रम चालला. मध्येच भानावर येऊन ते संदेष्ट्यांचे ग्रंथ उघडत, तेव्हा त्यांची ओबडधोबड भाषा त्यांना नकोशी होई. अशातच ऐन उपवासकाळात ते तापाने इतके खंगले की, अंत्यविधीची तयारी सुरू झाली. त्या अवस्थेत आपण न्यायासनासमोर ओढले गेलो, असे त्यांनी पाहिले. तू कोण, असे विचारले गेले. आपण ख्रिस्ती आहोत, असे त्यांनी सांगताच न्यायाधीशाने त्यांस खोटे ठरविले : तू ख्रिस्ताचा नव्हेस, सिसेरोचा आहेस, जेथे धन तेथे मन. फटके बसू लागले. शेवटी, यापुढे ऐहिक ग्रंथ जवळ बाळगले वा वाचले तर मी तुला नाकारले असे समज, अशी शपथ घेऊन त्यांची सुटका झाली. जागे झाल्यावरही खांद्यांवर वळ होते, ही साधी झोप नव्हती, असे ते आग्रहाने सांगतात.

या कथनाकडे चिकित्सक दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट प्रथम ध्यानात येते. स्वप्नात असे काहीही नाही, जे त्याच्या आधीच्या जागृतीच्या वर्णनात नाही. न्यायाधीशाने जो आरोप ठेवला, तो जेरोम यांच्या मनाने स्वतःवर आधीच ठेवला होता. ग्रंथांचा मोह, संदेष्ट्यांच्या भाषेची किळस आणि त्या किळसेची लाज, हा सारा मजकूर जागेपणीचाच आहे. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही आपली म्हण येथे तंतोतंत लागू पडते. स्वप्नाने एवढेच केले की, विखुरलेली अस्वस्थता एका न्यायालयात गोळा केली.

आणि ते न्यायालयच का? जेरोम यांचे शिक्षण वक्तृत्वशास्त्राचे होते, व रोमन वक्तृत्वाचे माहेरघर म्हणजे न्यायसभा. नेमक्या त्याच जागी, निकाल ऐकताच, हा शब्दप्रभू मुका होतो. आमच्या मते स्वप्नाचे मर्म फटक्यांत नसून या मुकेपणात आहे. ज्या विद्येवर त्यांनी आपली प्रतिष्ठा उभारली, ती देवासमोर कामी येत नाही, हे भय तेथे उघडे पडले.

दुसरा लेख वादातून जन्मला. एके काळचे जिवलग मित्र रुफिनस यांनी 401 मध्ये आरोप केला की, शपथ घेणारे जेरोम आता बेथलेहेमच्या मठात मुलांना व्हर्जिल शिकवितात. जेरोम यांचे उत्तर झणझणीत आहे. स्वप्नातील वचनाने माणूस बांधला जात नाही. स्वप्नातल्या व्यभिचाराने कोणी नरकात जात नाही आणि स्वप्नातल्या हौतात्म्याने कोणी स्वर्गात पोहोचत नाही. स्वप्नांवर विसंबू नये, असे संदेष्टेच सांगतात. ज्या अनुभवाला पूर्वी ते साधी झोप मानायला तयार नव्हते, तोच आता प्रतिपक्षाची थट्टा करण्यापुरता उरला.

गंमत अशी की, याच उत्तरात ते सहज आणखी एक स्वप्न सांगून जातात. डोके पिकले, टक्कल पडले, तरी आपण कुरळ्या केसांचा विद्यार्थी होऊन अंगावर टोगा घेऊन गुरूंसमोर भाषण करीत आहोत, असे त्यांना वारंवार दिसे. आणि जाग आल्यावर त्या संकटातून सुटल्याचा आनंद होई. हे स्वप्न त्यांनी तुच्छतेने सांगितले, पण ते पहिल्याचेच भावंड आहे. दोन्हींत एक परीक्षक समोर बसला आहे आणि आपल्या बोलण्यावरून आपली पारख होणार आहे. कोऱ्या उत्तरपत्रिकेने घाबरणारे आपले सेवानिवृत्त गृहस्थ या संताच्या किती जवळचे आहेत, हे येथे दिसते.

तात्पर्य, जेरोम यांची दोन्ही उत्तरे अर्धीच बरोबर आहेत. 384 मध्ये त्यांनी स्वप्नाकडून स्वतःची ओळख करून घेतली, ते योग्य. परंतु भयाच्या भरात घेतलेल्या शपथेला आज्ञेचे वजन दिले, ते अयोग्य. 401 नंतर, निद्रिताला पाप लागत नाही, हे त्यांनी योग्य सांगितले. परंतु स्वप्नाने विचारलेला प्रश्नही त्याबरोबर झटकून टाकला. या दोहोंमधील वाट संत ऑगस्टिन यांनी दाखविली. त्याच सुमारास लिहिलेल्या 'कबुलीजबाबा'च्या दहाव्या भागात, जुन्या सवयींची चित्रे झोपेत पुन्हा मोहात पाडतात, हे ते कबूल करतात. झोपेत मी मीच नसतो काय, असे ते देवाला विचारतात. ते स्वतःला दोषी ठरवीत नाहीत आणि उदासीनही राहत नाहीत. जे आपल्यात घडले त्याबद्दल खंत मानून कृपेची याचना करतात. त्यांच्या हाती स्वप्न हे प्रार्थनेचे साहित्य होते.

आधुनिक संशोधनाशी या भूमिकेचा विरोध नाही. फ्रॉइड यांचा स्वप्नमीमांसेचा ग्रंथ 1899 च्या अखेरीस आला. 1953 मध्ये शिकागो विद्यापीठातील ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी निद्रिताची बुबुळे वेगाने हलण्याचा टप्पा नोंदविला आणि स्वप्नांचा प्रयोगशाळेत अभ्यास होऊ लागला. फ्रॉइड यांचे अनेक सिद्धान्त आज वादग्रस्त आहेत. तथापि जागेपणीच्या चिंता आणि नातीगोती स्वप्नात उतरतात, हे पुष्कळ अभ्यासकांना मान्य आहे. साप दिसला तर अमुक, दात पडला तर तमुक, अशा स्वप्नफलाच्या कोष्टकांना मात्र त्यात आधार नाही.

मग देव स्वप्नातून बोलतच नाही काय? मत्तयाच्या शुभवर्तमानातील योसेफाला स्वप्नातच मार्गदर्शन झाले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु फारोचे स्वप्न उलगडणाऱ्या पहिल्या योसेफाने अर्थ सांगणे देवाचे काम म्हटले आणि लगेच धान्य साठविण्याची योजना पुढे ठेवली. स्वप्नाची कसोटी जागेपणीच्या प्रीतीत व कर्तव्यात लागते. म्हणून त्या विधवेस पतीचा निरोप आला असे आपण सांगू नये, आणि तिचे बोलणे उडवूनही लावू नये. ते हयात असताना घरात काय अपुरे राहिले, हे तिला विचारावे. कदाचित अखेरच्या आजारात त्यांच्या तोंडात घास गेला नाही, हे शल्य ती इतके दिवस एकटीच वाहत असेल. मिस्सा अवश्य अर्पावी. पण ती प्रीतीपोटी, भुकेल्या आत्म्याच्या धाकाने नव्हे. भयानक स्वप्ने रोज छळत असतील, तर डॉक्टरांकडे पाठविणे हेही आपल्या सेवेचेच अंग आहे.

जेरोम यांनी शपथ पाळली की मोडली, हा वाद रुफिनस यांच्यापाशीच राहू द्यावा. आमच्या मते त्या न्यायासनाला त्यांनी खरे उत्तर दिले ते शपथेने नव्हे आणि वादातील कोटीनेही नव्हे. ज्या संदेष्ट्यांची भाषा त्यांना ओबडधोबड वाटली होती, त्यांच्यासाठी ते हिब्रू शिकले व त्यांचे ग्रंथ मुळावरून लॅटिनमध्ये आणले. अखेरपर्यंत त्यांच्या हाती यिर्मयावरील भाष्य होते. ते अपुरेच राहिले. स्वप्नांच्या बळावर भविष्य सांगणाऱ्यांना यिर्मयाने फटकारले आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. एका रात्री पडलेल्या प्रश्नाचे उत्तर जेरोम यांनी उरलेल्या आयुष्यातील दिवसांनी दिले.