बिनकामाचा कॅमेरा

महाराष्ट्रातल्या हौशी छायाचित्रकारांचा हात आज जितका तयार आहे, तितका पूर्वी कधीच नव्हता. पक्ष्याच्या डोळ्यावर नेमका बसलेला फोकस, बुरुजामागे उभी राहिलेली आकाशगंगा, चतुराच्या पायांवरचे केस मोजता यावेत असा मॅक्रो. तरीही एखाद्या क्लबच्या वार्षिक प्रदर्शनात तिसऱ्या भिंतीपाशी पोचेपर्यंत चित्राखालची नावं वाचायची इच्छा संपते. सगळं एकाच हातचं वाटायला लागतं.

हौशी माणसाचं मोठं भांडवल हे की त्याला कोणी काम दिलेलं नसतं. लग्न टिपणाऱ्याला वधूपक्ष सांभाळावा लागतो, वृत्तपत्रातल्याला संपादक. हौशी माणूस मात्र रविवारी सकाळी भिंतीवरची ओल टिपत बसला तरी त्याला जाब विचारणारं कोणी नाही (घरचे सोडून). हा मोकळेपणा आपण आपणहून गहाण टाकला आहे, अशी माझी तक्रार आहे.

आपल्याकडची हौशी छायाचित्रणाची परंपरा काही कालची नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली, म्हणजे बोरीबंदरहून पहिली आगगाडी सुटल्यानंतर दीड वर्षातच. लष्करी आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या बरोबरीने तिथे डॉ. भाऊ दाजी लाड होते, त्यांचे बंधू नारायण दाजी होते. दोघेही पेशाने डॉक्टर. आजही कुठल्याही क्लबच्या यादीत डॉक्टर आणि इंजिनिअर भरपूर सापडतात, हे गमतीचं सातत्य. १८५६ ते १८५८ या काळात मुंबईहून छायाचित्रांची एक मालिका अंकाअंकाने निघाली. तिच्या नावातच ‘अमेचर’ हा शब्द होता. काच किंवा कागद स्वतःच रसायनात भिजवून तयार करावा लागे, त्या काळातली ही हौस. त्या मालिकेची नजर साहेबाची होती, माणसांना नमुने म्हणून उभं करणारी होती, हे खरंच. पण त्या वेळचे पोशाख, धंदे, इमारती पाहायच्या तर आज अभ्यासक तिच्याकडेच वळतात.

पुढे सलॉनचं, म्हणजे स्पर्धात्मक प्रदर्शनांचं युग आलं. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ची, देशभरच्या क्लबांना जोडणारं फेडरेशन १९५३चं. या संस्थांनी डार्करूम शिकवली, मासिक स्पर्धा घेतल्या, छोट्या गावातल्या शिक्षकाला परदेशी प्रदर्शनात नेलं. हे ऋण मोठं आहे. पण छायाचित्रणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पदव्या मिळतात त्या किती देशांतल्या किती सलॉनमध्ये किती चित्रं स्वीकारली गेली, या हिशेबावर. परीक्षकांसमोर एक चित्र काही सेकंदच टिकतं. त्या सेकंदांत डोळ्यांत भरेल असंच चित्र मग घडवलं जातं: धुक्यातली बैलगाडी, कौलातून उतरलेला उन्हाचा पट्टा, त्याच्या टोकाशी चूल फुंकणारी म्हातारी. मोबाइलवरच्या ‘लाइक’ने रोग आणला, असं जुने सभासद म्हणतात. मला वाटतं, रोग घरातलाच होता. मोबाइलने तो गल्लोगल्ली नेला.

मोबाइलच्या आधी, फिल्मच्या काळात, अ‍ॅग्फाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो निघायचे. काटकसरीमुळे त्या काळचे लोक जास्त विचार करत, हे मात्र मला पटत नाही. बारापैकी नऊ फोटोंत माणसं एका ओळीत ताठ उभी असायची.

आजची अवस्था सगळ्यात स्पष्ट दिसते ती पक्ष्यांच्या फोटोंत. भिगवणचे रोहित, सिंहगडच्या दरीतला स्वर्गीय नर्तक, पावसाच्या तोंडाशी नवरंग, आणि पावसाळ्यात कोकणात तिबोटी खंड्या. तिबोटीचा लोकप्रिय फोटो ठरलेला: चोचीत सापसुरळी किंवा खेकडा, मागे हिरवा गुळगुळीत पडदा. चोचीतलं भक्ष्य बहुतेक वेळा पिलांसाठी असतं. म्हणजे कॅमेरा कुठे लावला होता, हे फोटोच सांगतो: मातीच्या दरडीतल्या बिळासमोर, पक्ष्याच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर. त्याखाली ‘अप्रतिम टिपलंय सर’ची रांग लागते, बिळापासून किती अंतरावर बसला होतात, हे क्वचितच कोणी विचारतं. भिगवणला थवा उडावा म्हणून नाव आणखी आत घालायला सांगणारेही भेटतात. नावाड्याचं पोट त्यावर असल्याने त्याला नाही म्हणणं जड जातं. लाख रुपयांच्या लेन्समागे बसलेल्याला ते जड जायला नको.

वारीचं तेच. दिवे घाटाचं वळण, डोईवर तुळस, ओल्या सुरकुत्यांचा चेहरा. त्या बाईचं गाव कुठलं, दिंडी कोणती, हे फोटोखाली नसतं. असते ती ‘भक्ती’ नावाची एकशब्दी ओळ. संदेश भांडारे यांनी वारीवर आणि तमाशावर केलेली पुस्तकं शेजारी ठेवून पाहावीत. ते व्यावसायिक आहेत हे मान्य, पण त्यांच्या फोटोंत माणसं जेवतात, थकतात, गप्पा मारतात. आपल्या हौशी फोटोंतला वारकरी दमत कसा नाही?

गडांबद्दल थोडक्यात. गोपाळ बोधे यांनी, पुढे उद्धव ठाकरे यांनी ‘महाराष्ट्र देशा’मध्ये (२०१०) दाखवलेले आकाशातून टिपलेले किल्ले पाहताना आपण थक्क झालो होतो, कारण त्यासाठी हेलिकॉप्टर लागायचं. आता अडीचशे ग्रॅमचा ड्रोन सॅकमध्ये मावतो आणि राजगडाचा बालेकिल्ला दर शनिवारी वरून दिसतो. गडावरच्या टाक्यांची आणि ढासळत्या तटांची सालवार चित्रं कोणी ठेवत असेल, तर ती मला दिसलेली नाहीत.

हौशी माणूस काय करू शकतो याचं उदाहरण पुण्यातच आहे. श्रीकांत इंगळहळीकर इंजिनिअर. त्यांनी सह्याद्रीतली फुलं शोधली, टिपली, त्यांची ओळख पटवली आणि २००१ मध्ये ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हे पुस्तक काढलं. रानफुलांच्या मागे हिंडणाऱ्यांच्या सॅकमध्ये ते असतंच. त्यातला एकेक फोटो स्पर्धेत कदाचित मागे पडेल; फुलाची पानं, देठ दिसायला हवेत म्हणून पार्श्वभूमी धूसर करण्याचा सोस तिथे नाही. निसर्गनोंदींच्या खुल्या संकेतस्थळांवर स्थळ-तारखेसह कोळी आणि पतंग चढवणारी तरुण मुलं याच वाटेवर आहेत. त्यांचे फोटो अनेकदा अगदी साधे असतात, पण माझं लक्ष आता तिकडेच जास्त जातं.

शहरात असं काम करणारे कमी. पुनर्विकासाला निघालेली चाळ, तिचा जिना, सामायिक नळ, गॅलरीतल्या कुंड्या हे सगळं तिथे राहणाऱ्याइतकं जवळून कोण टिपणार? पण तो पहाटे पक्षी टिपायला भरतपूरला निघालेला असतो. बायकांच्या मोबाइलमध्ये मात्र घरातलं विलक्षण काही सापडतं: आजारी सासऱ्यांचे हात, मुलीच्या दहावीच्या वर्षातलं टेबल, वाळवणावर बसलेलं मांजर. ते फोटो स्पर्धेला येत नाहीत, कारण त्याला फोटोग्राफी म्हणायचं, हेच त्या बायकांना कोणी सांगितलेलं नसतं.

क्लबांना सुचवण्यासारखं एकच आहे. शंभर जणांचा एकेक फोटो लावण्याऐवजी पाच जणांचे वीस-वीस लावा, एकाच विषयावरचे, खाली गाव-तारीख-नाव लिहून. वीस फोटोंत माणूस लपत नाही. त्याला खरोखर कशाची ओढ आहे, ते पाचव्या-सहाव्या चित्रापर्यंत कळतं, आणि ओढ नसेल तर तेही कळतं. आयोजकांची अडचण मला समजते. पंचाण्णव जणांची प्रवेश फी बुडेल आणि उद्घाटनाला तेवढी कुटुंबं कमी येतील. पण दर तीन वर्षांनी एकदा तोटा सोसून पाहायला हरकत नसावी. चहाचा खर्च तरी वाचेल.