‘का’ या शब्दाची जागा

अनुवादाची चर्चा बहुधा मोठ्या शब्दांभोवती फिरते. ‘धर्म’, ‘रस’, ‘माया’ यांना परभाषेत प्रतिशब्द नाही, ही तक्रार आता जुनी झाली. वस्तुतः अनुवादाचा घात अधिक वेळा होतो तो ज्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही अशा एकाक्षरी शब्दांपाशी. मराठीतील ‘का’ हा त्यांपैकी एक.

‘येतोस का?’ ही पृच्छा आहे, ‘का येतोस?’ यात उपालंभ असू शकतो. ‘गप्प बसतोस का?’ हा तर उघड दम. ‘आज का उद्या?’ येथे तोच शब्द विकल्प दाखवितो, आणि ‘असं का!’ म्हणताना विचारण्यासारखे काही उरलेलेच नसते. नुकत्याच कळलेल्या गोष्टीची ती पोच असते. ध्वनी एकच, पण अर्थ ठरतो तो वाक्यातील जागेवरून आणि स्वराच्या चढउतारावरून. ‘गप्प बसतोस का?’ याचे हिंदीत ‘क्या तुम चुप बैठते हो?’ असे रूपांतर केले की व्याकरण सांभाळले जाते, दम मात्र निघून जातो. ‘चुप बैठते हो कि नहीं?’ असे लिहिणारा अनुवादक ‘का’ सोडून देतो, पण त्याचे काम राखतो.

हिंदीत ‘का’ षष्ठीचा, तर भोजपुरीत ‘का’ म्हणजे ‘काय’. या भाषा मराठीच्या नात्यातल्या. तेथे घोटाळा झाला तर तो घरातला म्हणता येईल. जपानीचे तसे नाही. त्या भाषेतही वाक्यान्ती ‘का’ आला की विधानाचा प्रश्न होतो. ‘क्यो का आशिता’ म्हणजे ‘आज का उद्या’. आणि पडत्या स्वरातले ‘सो का’ म्हणजे हुबेहूब आपले ‘असं का!’. एवढे साम्य पाहून एखाद्या हौशी व्युत्पत्तिकाराने बौद्ध भिक्षूंच्या झोळीतून हा शब्द जपानला पोचविला नाही, तरच नवल! परंतु मराठी ‘का’ हा संस्कृतातील ककारादी प्रश्नार्थक सर्वनामांच्या कुळातला. जपानी ‘का’चा त्या कुळाशी संबंध नाही. दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे प्रश्नदर्शक शब्दाला त्याच्यामागे जागा मिळते, एवढेच फार तर म्हणता येईल. जागा सारखी आहे, रक्त नव्हे.

तमिळमध्ये ‘का’ म्हणजे उपवन. ‘राखणे’ या अर्थाचा धातूही तोच. ‘पूंगा’ या उद्यानवाचक शब्दात फुलांमागे तोच ‘का’ उभा आहे. १३ व्या शतकातील ‘नन्नूल’ या व्याकरणाने असे ४२ एकाक्षरी शब्द गणले आहेत. तेथे ‘का’ला कोणाच्या आधाराची गरज नाही, ते स्वतंत्र नाम आहे.

खरी कसोटी लागते ती मेघालयातील खासी भाषेत. ऑस्ट्रोएशियाई कुळातील या भाषेत ‘का’ स्त्रीत्व दाखवितो. तो नामापूर्वी येतो आणि क्रियापदापूर्वीही पुन्हा येतो. ‘का स्ङी’ म्हणजे सूर्य, ‘उ ब्नाइ’ म्हणजे चंद्र. सूर्य बहीण, चंद्र भाऊ. भावाच्या मनात बहिणीविषयी पाप आले, तेव्हा तिने त्याच्या तोंडावर राख फेकली आणि त्याचे तेज मंदावले, अशी खासी लोककथा आहे. येथे ‘का’ गाळून केवळ ‘सूर्य’ लिहिले, तर मराठीत दोन पुरुष समोरासमोर उभे राहतात आणि कथेचा आधारच निखळतो. ‘सूर्यदेवी’ लिहावे तर नसलेले देऊळ उभे राहते; ‘सूर्यबहीण’ हे घडविलेले खेळणे वाटते. मग उरतो एकच मार्ग: पहिल्याच वाक्यात नाते सांगून टाकावे आणि पुढे निःसंकोचपणे ‘सूर्य उगवली’, ‘सूर्य रागावली’ असे लिहीत जावे. मुद्रितशोधक ते चूक समजून दुरुस्त करू पाहील. अनुवादकाने त्याला ते करू देऊ नये.