एफ नमुन्याचे वाचन : गर्भलिंगनिवड प्रतिबंधक कायद्याची एक चिकित्सा

गर्भलिंगनिदान हा फिर्यादी नसलेला गुन्हा आहे. विचारणारे कुटुंब आणि सांगणारा डॉक्टर या दोघांचीही त्यास संमती असते, व्यवहार तोंडी होतो आणि जिच्या देहावर तो घडतो ती स्त्री बहुधा बोलण्याच्या स्थितीत नसते. अशा गुन्ह्याला साक्षीदार कोठून मिळणार? म्हणून कायद्याने साक्षीदाराऐवजी कागदावर भिस्त ठेवली. प्रस्तुत लेखाचा रोख या कागदावर, म्हणजे प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या वेळी भरावयाच्या एफ नमुन्यावर आहे.

या विषयावरील देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. त्यामागे मुंबईतील स्त्री-संघटना व आरोग्य कार्यकर्त्यांची चळवळ होती. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला, १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला आणि पुढे काही वर्षे जवळजवळ निद्रिस्त राहिला. सेहत, मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून आदेश दिल्यानंतर यंत्रणा हलली. १४ फेब्रुवारी २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने गर्भधारणापूर्व लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आली. मात्र शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींचे महाराष्ट्रातील प्रमाण १९९१ मध्ये ९४६ होते, ते २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाले. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये ते ८०७ होते. पहिला कायदा करणाऱ्या राज्याची ही आकडेवारी आहे.

एफ नमुना हा वरवर पाहता सरकारी रकान्यांचा रुक्ष तक्ता वाटतो. लक्षपूर्वक वाचल्यास मात्र तो अत्यंत विचारपूर्वक रचलेला दस्तऐवज असल्याचे जाणवते. हयात मुलगे किती व मुली किती, गर्भ किती आठवड्यांचा, तपासणीसाठी कोणी पाठविले, तपासणीचे कारण काय, हे सारे त्यात नोंदवावे लागते. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत केंद्राचा अहवाल समुचित प्राधिकाऱ्याकडे जावा लागतो. दोन मुलींच्या आईची चौथ्या महिन्यातील तपासणी ही एकटी नोंद काहीच सिद्ध करीत नाही. परंतु एकाच केंद्रात अशा नोंदींची दाटी असेल, पाठविणारा डॉक्टर पुन्हा पुन्हा तोच असेल आणि पुढे त्या स्त्रियांच्या प्रसूतीची नोंद कोठेच सापडत नसेल, तर तो कागद बोलू लागतो. कायदा करणाऱ्यांनी ज्या साक्षीदाराची योजना केली होती, तो हाच.

प्रत्यक्षात हा साक्षीदार क्वचितच तपासला जातो. तपासणी होते ती रकाना भरला आहे की रिकामा आहे, सही आहे की नाही, याची. नमुन्यातील त्रुटी हाच कायद्याचा भंग मानणाऱ्या कलम ४(३) च्या परंतुकाला डॉक्टरांच्या संघटनेने आव्हान दिले. किरकोळ कारकुनी चुकांसाठी व्यावसायिकाला गुन्हेगार ठरविले जाते, असा तिचा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये तो फेटाळला. न्यायालयाची भूमिका योग्यच म्हणावी लागेल, कारण जेथे नोंद हाच एकमेव पुरावा आहे तेथे नोंद न ठेवणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय. परंतु यात एक विसंगती आहे. नमुन्याला कारकुनी बाब म्हणणारे डॉक्टर आणि रिकामे रकाने मोजणारे अधिकारी यांची दृष्टी अखेर एकच ठरते. सराईत गुन्हेगाराचे रकाने कधी रिकामे नसतात. विसरतो तो बहुधा धांदलीतला प्रामाणिक डॉक्टर.

२०१२ मध्ये परळी येथील आणि २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथील प्रकरणांनी महाराष्ट्र हादरला. ही दोन्ही प्रकरणे उजेडात आली ती गर्भपाताच्या वेळी स्त्रीचा मृत्यू झाल्यानंतर. मासिक अहवाल चाळताना कोणाच्या मनात शंका आली, असे यांपैकी कोठेही घडले नाही.

कोल्हापुरात २०१० च्या सुमारास सोनोग्राफी यंत्राला तपासणीची दृश्ये साठविणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण जोडण्यात आले व एफ नमुना ऑनलाइन करण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यास मान्यताही दिली. जिल्ह्यातील प्रमाण २००१ मधील ८३९ वरून २०११ मध्ये ८६३ झाले, याचे श्रेय अनेकदा या उपकरणाला दिले जाते. परंतु २०११ च्या जनगणनेत मोजलेली बहुतेक बालके उपकरण येण्यापूर्वीच जन्मली होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्यातील ऑनलाइन नमुन्याचा भाग अधिक मोलाचा होता, कारण त्यामुळे नोंदींची परस्परांशी तुलना शक्य झाली. चर्चा मात्र झाली ती यंत्राचीच.

नोंदी न वाचण्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. सोनोग्राफीच्या कागदात सापडू न शकलेला गुन्हा मग गर्भपाताच्या टेबलावर शोधला जातो. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ या रूढ शब्दाने या गल्लतीत भरच घातली आहे. वस्तुतः गर्भपात १९७१ च्या कायद्याने अटींसह वैध आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी त्याची मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढविली आहे. निषिद्ध आहे ती लिंगनिवड. तरीही चौकशीच्या धास्तीने दुसऱ्या तिमाहीतील वैध गर्भपातही नाकारण्याकडे काही डॉक्टरांचा कल दिसतो. ती स्त्री मग जाते कोठे? परळी आणि म्हैसाळ यांचे स्मरण येथे अपरिहार्य ठरते.

एफ नमुन्याच्या अखेरीस गर्भवतीचे प्रतिज्ञापन असते. गर्भाचे लिंग जाणून घेण्याची आपली इच्छा नाही, असे ती त्यात लिहून देते. त्याच कायद्याचे कलम २४ असे गृहीत धरते की, अन्यथा सिद्ध न झाल्यास तिने ही तपासणी पती किंवा नातेवाइकांच्या सक्तीने केली. म्हणजे कलमाला जिची इच्छा सक्तीखाली दबलेली दिसते, तिच्याकडूनच नमुना इच्छेची ग्वाही घेतो. ती सही किंवा अंगठा ज्या कागदावर उमटतो, तो नियमानुसार दोन वर्षे जपून ठेवावा लागतो.