इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्या : एक चिकित्सा

प्रस्तावना

स्पर्धा परीक्षेसाठीच्या इंग्रजी मार्गदर्शिकेत 'इडियम्स अँड फ्रेजेस' हे प्रकरण हमखास असते. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ, आणि सगळे वर्णानुक्रमाने. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत यावर प्रश्न विचारले जातात, त्यामुळे यादी पाठ करणे व्यवहार्य आहे. मात्र यादी पाठ झाली म्हणजे वाक्प्रचार वापरता आले, असे होत नाही. वाक्प्रचार कुठे शोभतो, वाक्यात तो कसा वागतो आणि त्यांपैकी रोजच्या व्यवहारात कोणता लागतो, या तीन गोष्टी यादी सांगत नाही. प्रस्तुत पाठात या उणिवा पाहू आणि यादीचा उपयोग कसा करावा याचाही विचार करू.

१. अर्थ कळतो, सूर कळत नाही

'किक द बकेट' याचा अर्थ यादीत 'मरणे' असा दिलेला असतो. तो चूक नाही, पण अपुरा आहे. मराठीत 'निधन झाले', 'वारले' आणि 'गचकला' या तिन्हींचा अर्थ एकच आहे. तरीही शोकसभेत कोणी 'गुरुजी गचकले' म्हणत नाही. 'किक द बकेट' हा त्याच 'गचकला'च्या जातीचा, थट्टेचा प्रयोग आहे. शोकसंदेशात तो लिहिला, तर व्याकरण शुद्ध असूनही समोरचा माणूस दुखावेल. तिथे 'पास्ड अवे' हवे. आपल्या भाषेत हा फरक आपण न शिकवता पाळतो. परक्या भाषेत तो कोणीतरी सांगावा लागतो, आणि यादी नेमकी तिथेच गप्प बसते.

२. वाक्यात वागणूक वेगळी

वाक्प्रचार म्हणजे अखंड दगड नव्हे. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणे. याचा कर्मणी प्रयोग 'द बीन्स वेअर स्पिल्ड' असा करता येतो आणि अर्थ टिकतो. 'द बकेट वॉज किक्ड' म्हटले, तर मात्र खरोखरच कोणीतरी बादलीला लाथ मारली असे वाटते.

क्रियापद आणि लहान अव्यय मिळून जो प्रयोग होतो, त्याला 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. तिथे हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. 'टर्न ऑफ द लाइट' चालते, 'टर्न द लाइट ऑफ' हेही चालते. पण 'लाइट'च्या जागी 'इट' हे सर्वनाम आले की 'टर्न इट ऑफ' एवढेच शुद्ध. 'टर्न ऑफ इट' अशुद्ध. उलट 'लुक आफ्टर हिम' मध्ये सर्वनाम शेवटीच येते. यादीत 'टर्न ऑफ' आणि 'लुक आफ्टर' सारखेच दिसतात. म्हणून अर्थाबरोबर एक पूर्ण वाक्यही लिहून ठेवावे, शक्यतो सर्वनाम असलेले.

३. महत्त्वाचे मागे, शोभेचे पुढे

जोराच्या पावसासाठी 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' बहुतेक प्रत्येक यादीत असते. जोनाथन स्विफ्टने १७३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, गुळगुळीत झालेल्या संभाषणाची थट्टा करणाऱ्या पुस्तकातही ते आहे. आज मुसळधार पावसाला 'इट्स पोअरिंग' म्हटले तरी पुरते.

खरी अडचण असल्या रंगीत वाक्प्रचारांपेक्षा साध्या दिसणाऱ्या फ्रेजल व्हर्बची आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत परकीयांना जड जाणारा भाग म्हणून अशाच क्रियापदांकडे लक्ष वेधले होते. 'पुट' आणि 'ऑफ' हे दोन्ही शब्द शाळेतच येतात. 'पुट ऑफ' मात्र त्यांच्या बेरजेतून कळत नाही.

नोकरीच्या पत्राचे उदाहरण घ्या. मुलाखत 'पुट ऑफ' झाली, तर ती पुढे ढकलली आहे. तयारी चालू ठेवा. 'कॉल ऑफ' झाली, तर ती रद्द आहे. अर्ज 'टर्न डाउन' झाला, तर तो नाकारला आहे. कागदपत्रे 'टर्न इन' करायला सांगितली, तर ती जमा करायची आहेत. वर्णानुक्रमामुळे 'टर्न'ची सारी रूपे यादीत एकाखाली एक येतात आणि एकमेकांत मिसळतात. त्यापेक्षा 'मुलाखत', 'बँक', 'दवाखाना' अशा प्रसंगांनुसार ती मांडली, तर लक्षात राहतात.

४. आपल्याच भाषेतील आधार

'करून टाकले', 'करून ठेवले', 'करून बसला' ही मराठी रूपे पाहा. 'करणे' एकच, पण पहिल्यात काम उरकल्याचा भाव आहे, दुसऱ्यात पुढच्या सोयीचा, तिसऱ्यात पश्चात्तापाचा. हिंदीतही 'कर डाला' आणि 'कर बैठा' असा भेद आहे. हे कोणी यादीतून पाठ केलेले नसते.

इंग्रजीत असेच काम बऱ्याचदा अव्यय करते. 'ईट' म्हणजे खाणे, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे. इथे 'अप' पूर्णता दाखवते. अर्थात ही तुलना सगळीकडे लागू पडत नाही. 'लुक अप' म्हणजे कोशात शोधणे; तिथे पूर्णतेचा संबंध नाही. म्हणून हा नियम समजू नका. अंदाज बांधण्याची वाट समजा आणि मग कोश पाहा.

५. भारतीय प्रयोग चूक की वेगळे?

'मी २०२३ मध्ये पास आउट झालो' असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. ब्रिटन-अमेरिकेत 'पास आउट' म्हणजे सामान्यतः बेशुद्ध पडणे. ब्रिटनमध्ये लष्करी प्रशिक्षण पूर्ण होण्यासाठीही तो वापरतात. भारतीय वाचकासाठी लिहिताना हा प्रयोग अडत नाही. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात मात्र 'ग्रॅज्युएटेड' लिहावे. इथे लाज वाटण्याचे कारण नाही. वाचक कोण आहे, एवढे ओळखायचे आहे.

समारोप

यादी फेकून देऊ नका. तिचे तीन भाग करा. पहिला, फक्त ओळखता यावेत असे वाक्प्रचार. 'किक द बकेट' यात टाका. दुसरा, स्वतः वापरायचे प्रयोग. हा भाग लहान ठेवा आणि प्रत्येकापुढे स्वतःचे वाक्य लिहा. तिसरा, प्रदेशानुसार अर्थ बदलणारे. परीक्षेचे गुण पहिल्या भागातूनही मिळतील, पण आलेले पत्र नीट समजणे आणि त्याला नेमके उत्तर देणे दुसऱ्या भागावर अवलंबून आहे.

स्वाध्याय

१. तुमच्याकडील यादीतील कोणतेही दहा वाक्प्रचार घेऊन वरील तीन भागांत विभागा व कारणे द्या.
२. 'पुट ऑफ', 'कॉल ऑफ' आणि 'टर्न डाउन' यांचा सर्वनामासह वाक्यात उपयोग करा.
३. तुमच्या मातृभाषेतील तीन संयुक्त क्रियापदे निवडून त्यांच्या अर्थच्छटा इंग्रजीत कशा व्यक्त होतात ते लिहा.