अतिदीप्त नवताऱ्यांची गणना : एक परीक्षण
सोनगीरच्या तांबटांच्या हातचे तांबे बहुतांशी प्रचंड ताऱ्यांत सिद्ध होऊन त्यांच्या स्फोटांनी विखुरले. लोहाचा मोठा वाटा मात्र ‘१-अ’ प्रकारच्या अतिदीप्त नवताऱ्यांचा. म्हणूनच या प्रकारांचे परस्परप्रमाण हा मूलद्रव्यांच्या इतिहासाचा प्रश्न ठरतो. लिक वेधशाळेच्या २०११ मधील गणनेनुसार निश्चित अवकाशखंडात ‘१-अ’ सुमारे २४ टक्के; ठरावीक दृश्य तेजस्वितेपर्यंतच्या यादीत तेच ७९ टक्के. जे तेजस्वी, ते दूरवरूनही दिसते, एवढाच याचा अर्थ. परंतु ते सर्वेक्षण निवडक दीर्घिकांपुरते होते. कुरुंदवाड येथे जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली पालोमार येथे २०१८ मध्ये सुरू झालेल्या सर्वेक्षणाने अशी निवड न करता उत्तराकाश पाहिले, हे त्याचे खरे श्रेय होय. तथापि मंद स्फोट त्यातूनही निसटतात; न दिसलेल्यांचा हिशेब मांडल्यावाचून कोणत्याही दरास प्रामाण्य लाभत नाही.