श्रीरामपूरचें विद्यापीठ : सनद आणि वहिवाट

मराठी छापील ग्रंथांच्या जुन्या याद्या चाळणाऱ्यास 'श्रीरामपूर' हें नांव अगदीं आरंभींच्या पानांवरच भेटतें. हें श्रीरामपूर अहिल्यानगर जिल्ह्यांतील नव्हे. बंगालांत हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, बराकपुरासमोर वसलेलें आणि डेनमार्कच्या राजाच्या अमलाखालीं फ्रेडरिक्सनगर या नांवानें ओळखलें जाणारें तें ठाणें होय. तेथील ख्रिस्ती कॉलेजाविषयीं दोन समजुती रूढ आहेत. पहिली अशी कीं, हें हिंदुस्थानांतील पहिलें आधुनिक विद्यापीठ. दुसरी अशी कीं, केरीचें मराठी व्याकरण, मराठी कोश व त्या काळचीं मोडी पुस्तकें हें या कॉलेजाचें कार्य. यांपैकीं पहिली समजूत अर्धी खरी आहे. दुसरी मुळींच खरी नाहीं. दोहोंच्या मुळाशीं एकच चूक आहे. एका गांवांत निरनिराळ्या काळीं झालेलीं निरनिराळीं कामें एका संस्थेच्या खात्यावर मांडण्यांत आलीं आहेत. हीं खातीं वेगळीं करून दाखवावीं, एवढाच या टिपणाचा हेतु.

प्रथम कालानुक्रम पाहूं. विल्यम केरी इ. स. १७९३ मध्यें बंगालांत आला. कंपनी सरकारास आपल्या मुलखांत मिशनरी नको होते; म्हणून त्यानें कांहीं वर्षें मुदनाबाटी येथील निळीच्या कारखान्यावर चाकरी करून काढलीं. १७९९ सालीं मागून आलेले जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड यांनीं डेनिश हद्दींतील श्रीरामपूर गांठलें; तेथील गव्हर्नर कर्नल बी यानें त्यांस आश्रय दिला. जानेवारी १८०० मध्यें केरीहि तेथें येऊन मिळाला. मिशन व मिशनचा छापखाना यांचा आरंभ हा. त्याच वर्षीं गव्हर्नर जनरल वेलस्ली यानें कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापिलें. तें कंपनीच्या तरुण मुलकी अंमलदारांस देशी भाषा शिकविण्याकरितां होतें. १८०१ सालीं केरीची तेथें बंगाली व संस्कृत शिकविण्यावर नेमणूक झाली, आणि पुढें मराठीचें कामहि त्याजकडे आलें. श्रीरामपूरचें कॉलेज या सर्वांनंतरचें. त्याचें प्रकटपत्र १५ जुलै १८१८ चें आहे. याप्रमाणें मिशन, छापखाना, फोर्ट विल्यम कॉलेज आणि श्रीरामपूर कॉलेज या चार संस्था होत. केरीचा हात चारहि ठिकाणीं होता, म्हणून त्या चार एक होत नाहींत.

आतां मराठी पुस्तकांचीं सालें घ्या. केरीचें व्याकरण १८०५ चें व कोश १८१० चा. 'सिंहासनबत्तिशी', 'हितोपदेश', 'राजा प्रतापादित्याचें चरित्र' आणि नागपूरकर भोंसल्यांची वंशावळी हीं मोडी पुस्तकें १८१४ ते १८१६ या अवधींतलीं. म्हणजे यांतील शेवटचें पुस्तक बाहेर पडलें तेव्हां कॉलेजाचें प्रकटपत्रहि निघावयाचें होतें. हीं पुस्तकें कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांतील साहेब विद्यार्थ्यांकरितां तयार झालीं व श्रीरामपूरच्या छापखान्यांत छापलीं गेलीं. श्रीरामपूर कॉलेजाचा त्यांत कांहीं भाग नाहीं, व असणें शक्यहि नाहीं. इतका साधा हिशेब असतां चूक टिकून राहिली, याचें कारण 'कॉलेज' हा शब्द दोन्हीकडे समान आहे. 'कॉलेजाकरितां' आणि 'श्रीरामपूर येथें' हीं दोन पदें एकत्र वाचलीं कीं 'श्रीरामपूरच्या कॉलेजाकरितां' असा अर्थ सहज मनांत उभा राहतो.

या गोंधळांत सर्वांत जास्त नुकसान झालें तें आपल्याच एका माणसाचें. फोर्ट विल्यम कॉलेजांत मराठीचे मुख्य पंडित वैजनाथशर्मा हे होते. केरीनें आपल्या व्याकरणाच्या प्रस्तावनेंत त्यांच्या साहाय्याचा उल्लेख केला आहे, आणि वर सांगितलेलीं मोडी पुस्तकें मुख्यत्वें त्यांच्याच हातचीं. यांतील 'प्रतापादित्यचरित्र' मूळ बंगालींत रामराम बसु यांनीं लिहिलें. तें १८०१ सालीं श्रीरामपुरासच छापलें गेलें होतें. म्हणजे एका पंडिताचा ग्रंथ दुसऱ्या पंडितानें मराठींत आणला. संस्थेचें नांव मोठें झालें कीं नोकरी करणाऱ्या पंडिताचें नांव लहान होतें. केरीचा मोठेपणा कमी करण्याचें कारण नाहीं. परंतु त्यानें स्वतः नोंदलेलें ऋण मागून लिहिणाऱ्यांनीं पुसून टाकावें, हें न्यायाचें नव्हे. केरीच्या व्याकरणास 'पहिलें छापील मराठी व्याकरण' म्हणण्याचीहि एक चाल आहे. तीहि सोडावी लागेल, कारण पोर्तुगीज भाषेंत लिहिलेलें एक मराठी व्याकरण रोम येथें १७७८ सालींच छापलें गेलें होतें.

छापखान्याचें श्रेयहि असेंच वांटून द्यावें लागतें. चार्ल्स विल्किन्सच्या हाताखालीं बंगाली खिळ्यांचें काम शिकलेला पंचानन कर्मकार श्रीरामपुरास आला. त्यानें व त्याचा जांवई मनोहर यानें देशी लिप्यांचे ठसे कोरले. ११ मार्च १८१२ रोजीं छापखान्यास आग लागली. तींत कागद, खिळे व केरीचीं कित्येक हस्तलिखितें जळालीं. परंतु पोलादी ठसे वांचले, म्हणून नवे खिळे ओतून काम थोड्याच महिन्यांत पुन्हां सुरू झालें. संग्राहकांनीं ही तारीख ध्यानांत ठेवावी. १८१० चा कोश आगीपूर्वींचा व १८१४ ची 'बत्तिशी' आगीनंतरची आहे. दोहोंच्या मोडी अक्षरांची तुलना करावयाची असेल तर मध्यें ही आग झाली आहे, हें विसरतां कामा नये.

मग कॉलेजानें स्वतः काय केलें? येथें मात्र त्याच्या बाजूनें बोललें पाहिजे. प्रकटपत्राप्रमाणें तें आशियांतील ख्रिस्ती व इतर तरुणांस पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय शास्त्रें शिकविण्याकरितां होतें. आरंभीं ३७ विद्यार्थी होते व त्यांत १९ ख्रिस्ती होते. बाकीचे बहुतेक हिंदु. ख्रिस्ती संस्था असूनहि ख्रिस्ती नसलेल्यांस दार उघडें होतें, आणि ख्रिस्ती विद्यार्थ्यांसहि संस्कृत शिकविण्याचा आग्रह होता. आपला पाद्री पंडितापुढें अडाणी ठरूं नये, हा त्यांतील हेतु उघड आहे. तथापि हेतु कांहींहि असो, संस्कृतास अभ्यासक्रमांत मानाचें स्थान मिळालें. १८३० सालीं डफ कलकत्त्यास आला व इंग्रजीवाटे उच्च शिक्षणाचा पक्ष बळावला. श्रीरामपूरकरांचा मूळ कल त्याच्या उलट, देशी भाषांकडे होता. जॉन मॅक यानें येथें रसायनशास्त्र शिकविलें आणि १८३४ सालीं त्या शास्त्राचें पुस्तक इंग्रजी व बंगाली अशा दोन्ही भाषांत समोरासमोर छापलें. कॉलेजाच्या खऱ्या कार्याचा नमुना म्हणून दाखवावयाचा तर हाच ग्रंथ दाखवावा. १८०५ चें मराठी व्याकरण नव्हे.

आतां विद्यापीठपणाचा प्रश्न. जोशुआ मार्शमन १८२६ सालीं कोपनहेगनास गेला, आणि २३ फेब्रुवारी १८२७ रोजीं डेनमार्कचा राजा सहावा फ्रेडरिक यानें कॉलेजास सनद दिली. तीअन्वयें कोपनहेगन व कील येथील विद्यापीठांप्रमाणें पदव्या देण्याचा अधिकार या कॉलेजास मिळाला. १२ जून १८३३ रोजीं कॉलेजाचे नियम ठरले. त्यांत जात, वर्ण किंवा देश यांवरून कोणासहि मज्जाव नसावा, असें तत्त्व घातलें आहे. सनदेची तारीख पाहिली तर मुंबई, मद्रास व कलकत्ता या तीन विद्यापीठांच्या आधीं श्रीरामपुराचा क्रम तीस वर्षांनीं लागतो. 'पहिलें विद्यापीठ' म्हणणाऱ्यांचा सारा आधार हा.

पण आपल्या मंडळींस वतनाचे कागद वाचण्याची संवय आहे. वतनाच्या तंट्यांत सनद दाखविली म्हणजे काम संपत नसे. वहिवाट कोणाची, भोगवटा कोणी व कधींपासून केला, हें पाहिलें जाई. तीच कसोटी येथें लावली पाहिजे. श्रीरामपूरच्या सनदेची वहिवाट कधीं सुरू झाली? सनदेच्या अधिकारानें पहिल्या पदव्या ४ डिसेंबर १९१५ रोजीं देण्यांत आल्या. त्या ईश्वरविद्येच्या होत्या व घेणारे तिघे होते. म्हणजे सनद आणि वहिवाट यांमध्यें ८८ वर्षांचें अंतर. कलकत्ता विद्यापीठ सनदेनें तीस वर्षें मागून आलें, पण त्याची वहिवाट ५७ वर्षें आधीं पडली. तेथील पहिल्या बी. ए. पदव्या १८५८ च्या आहेत.

हें अंतर कां पडलें? संस्थापक आळशी होते असें कोणी म्हणणार नाहीं. सनद मिळाली त्याच १८२७ सालीं श्रीरामपूरकरांचा व इंग्लंडांतील बॅप्टिस्ट सोसायटीचा संबंध तुटला, व तिकडून येणारा द्रव्याचा ओघ आटला. कॉलेज मुळांत खासगी. केरीचा पगार, मार्शमन दांपत्याच्या शाळांचें उत्पन्न व वॉर्डच्या छापखान्याची मिळकत यांवर मोठा भार होता. १८३० पासून कलकत्त्याच्या मोठमोठ्या पेढ्या बुडूं लागल्या. त्याच वर्षीं फोर्ट विल्यम कॉलेजांतील प्राध्यापकांच्या जागा मोडल्या व केरीचें उत्पन्न घटलें. वॉर्ड १८२३ सालींच वारला होता. केरी १८३४ मध्यें व मार्शमन १८३७ मध्यें गेला. यांत आणखी एक कारण आम्ही अनुमानानें घालतों. पदवीस किंमत येते ती तिला कोठें तरी मान मिळतो म्हणून. कंपनीच्या मुलखांत डेनमार्कच्या राजाच्या नांवानें दिलेल्या पदवीस कोणतें दार उघडणार होतें?

पुढील हकीकत एखाद्या जुन्या इनामाच्या हकीकतीसारखी आहे. २२ फेब्रुवारी १८४५ च्या तहानें डेनमार्कनें श्रीरामपूर व तरंगंबाडी हीं ठाणीं साडेबारा लक्ष रुपयांस कंपनीस विकलीं, आणि कॉलेजाचे सनदी हक्क त्या तहांत राखून ठेवले. नव्या सरकारानें जुनें इनाम बहाल केलें, असेंच म्हणावयाचें. परंतु बहाल झालेलें इनाम पडीकच राहिलें. १८५७ सालीं कॉलेज कलकत्ता विद्यापीठास जोडलें गेलें. स्वतःची सनद पेटींत ठेवून दुसऱ्याच्या पदव्यांकरितां विद्यार्थी तयार करूं लागलें. १८८३ सालीं तोहि वर्ग बंद पडला व केवळ ख्रिस्ती प्रचारक तयार करण्याची शाळा उरली. जॉर्ज हॉवेल्स हा प्राचार्य झाल्यावर त्यानें सनदेवरील धूळ झाडली. १९११ मध्यें कलकत्त्याशीं जोडलेले वर्ग पुन्हां उघडले, १९१५ मध्यें पदव्या दिल्या, आणि १९१८ च्या बंगाल सरकारच्या कायद्यानें कॉलेजाचें मंडळ वाढवून निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे प्रतिनिधि असलेलें सेनेट निर्माण केलें. आज ईश्वरविद्येच्या पदव्या हें सेनेट देतें व देशांतील अनेक धर्मशिक्षणसंस्था त्यास संलग्न आहेत. कला व विज्ञान या शाखा मात्र कलकत्ता विद्यापीठाकडेच आहेत. म्हणजे विद्यापीठ म्हणून याची वहिवाट आजहि एकाच विद्येपुरती आहे.

तेव्हां निर्णय असा. 'आधुनिक पद्धतीच्या पदव्या देण्याची सनद मिळालेली हिंदुस्थानांतील पहिली संस्था' असें लिहिलें तर बरोबर. 'पहिलें विद्यापीठ' एवढेंच लिहिलें तर वाचकाची फसवणूक. नुसती सनद हें विद्यापीठ नव्हे, हें जितकें खरें, तितकेंच हेंहि खरें कीं सनदेवांचूनहि विद्या होते. मॅकचे रसायनाचे पाठ, संस्कृताचे वर्ग, सर्व जातींस खुलें ठेवलेलें दार यांस राजाच्या मोहरेची गरज लागली नाहीं. या कॉलेजाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं १८२७ च्या चर्मपत्रापेक्षां या कामाकडे बोट दाखविलें असतें, तर त्यांची बाजू अधिक बळकट झाली असती.

आपणां संग्राहकांस यांतून घेण्याजोगी गोष्ट लहानशी आहे. श्रीरामपूरचें मराठी पुस्तक हातीं आलें कीं यादींत चार रकाने करावे: मजकूर कोणाचा, कोणत्या संस्थेकरितां, कोणत्या छापखान्यांत, कोणत्या सालीं. पहिल्या रकान्यांत बहुधा वैजनाथशर्म्यांचें नांव येईल; दुसऱ्यांत कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजाचें; तिसऱ्यांत श्रीरामपूरच्या मिशन छापखान्याचें. चौथ्या रकान्यांतील साल १८१८ च्या अलीकडचें नसेल, तर श्रीरामपूर कॉलेजाचें नांव त्या ओळींत कोठेंच लिहूं नये. एवढा शिरस्ता पाळला, तर ज्यांनीं तें काम केलें त्यांच्या नांवावर तें राहील.