मागे राहिलेला सायमन : ‘सोमा’ या खेळाच्या कथानकाविषयी

दिवाळी अंकातील समीक्षालेखाचा विषय कादंबरी, कवितासंग्रह, नाटक, फार तर चित्रपट असा असतो. संगणकावरच्या खेळाची समीक्षा हा प्रकार काही वाचकांना वावगा वाटेल. परंतु ज्या कृतीत कथानक आहे, पात्रे आहेत, निवेदनाचा ठरावीक दृष्टिकोन आहे आणि जी संपल्यावरही मनातून जात नाही, तिला समीक्षेच्या दाराबाहेर उभे करण्याचे कारण मला दिसत नाही. ‘सोमा’ ही अशी कृती आहे. ती शाळकरी मुलांसाठी नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. पण आपल्या घरांतली कॉलेजात जाणारी मुले असे खेळ खेळतात, आणि ‘सोमा’ खेळून उठलेल्यांच्या तोंडी हटकून एकच प्रश्न येतो: शेवटी नेमके झाले काय? नायक वाचला की बुडाला?

या प्रश्नाचे उत्तर कथानकात अगदी स्पष्टपणे दिलेले आहे. गोंधळ होतो तो निवेदनाच्या पद्धतीमुळे, आणि तो लेखकाने समजून-उमजून घातलेला आहे. का घातला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू. त्यासाठी शेवट सांगावाच लागेल. ज्यांना हा खेळ स्वतः खेळायचा असेल त्यांनी लेख नंतर वाचावा.

‘सोमा’ हा खेळ स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्स या कंपनीने २०१५ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध केला. दिग्दर्शन थॉमस ग्रिप यांचे, लेखन मिकाएल हेडबर्ग यांचे. नावाचा आपल्या सोमरसाशी किंवा चंद्राशी संबंध नाही. ग्रीक भाषेत ‘सोमा’ म्हणजे शरीर. खेळ सुमारे दहा तासांचा आहे. त्यात नायक आपल्याला बाहेरून दिसत नाही. त्याच्या डोळ्यांना जे दिसेल तेच पडद्यावर दिसते, त्याच्या कानांवर पडेल तेच आपल्याला ऐकू येते. कादंबरीच्या परिभाषेत सांगायचे तर हे प्रथमपुरुषी निवेदन आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण सगळी मेख इथेच आहे.

नायक सायमन जॅरेट हा कॅनडातील टोरोंटो शहरात पुस्तकांच्या दुकानात काम करणारा तरुण. मोटार अपघातात त्याची मैत्रीण ॲशली दगावते आणि त्याच्या मेंदूला गंभीर इजा होते. २०१५ च्या मे महिन्यात तो डेव्हिड मुन्शी नावाच्या संशोधकाकडे मेंदूचे स्कॅनिंग करून घ्यायला जातो. खुर्चीत बसतो, डोक्यावर यंत्र येते, क्षणभर काळोख होतो. आणि डोळे उघडतात ते एका अंधाऱ्या, पाणी झिरपणाऱ्या, मोडकळीला आलेल्या जागेत. ही जागा म्हणजे अटलांटिक महासागराच्या तळावरचे ‘पॅथॉस-दोन’ नावाचे केंद्र. साल आहे २१०४. आदल्या वर्षी धूमकेतू आदळून पृथ्वीवरील जीवन जवळजवळ संपले आहे.

सायमनला हळूहळू कळते की आपण टोरोंटोचा सायमन नाही. तो सायमन केव्हाच मरून गेला. त्याच्या मेंदूची जी नोंद मुन्शीने काढली होती, ती एका मृत स्त्रीच्या पाणबुड्या पोशाखात, यंत्राच्या आधारे, चालू झाली आहे. वाटेत त्याला कॅथरीन चुन भेटते. तीही अशीच नोंद आहे. मूळ कॅथरीन आधीच गेलेली आहे. केंद्रातील माणसांच्या मेंदूंच्या नोंदी एका पेटीत घालून, त्या पेटीत त्यांच्यासाठी एक कृत्रिम जग निर्माण करून, ती पेटी अंतराळात सोडायची, ही कॅथरीनची योजना. पेटीचे नाव ‘आर्क’, म्हणजे बायबलमधील नोहाचे तारू. हे तारू शोधून, आपल्या दोघांच्या नोंदी त्यात घालून ते आकाशात पाठवायचे, यासाठी सायमनची सारी धडपड.

तारू समुद्राच्या फार खोल भागात आहे. तिथला दाब जुना पोशाख सोसणार नाही, म्हणून ओमिक्रॉन नावाच्या ठिकाणी सायमनला नव्या, भक्कम पोशाखात जावे लागते. तो पुन्हा खुर्चीत बसतो. डोळे उघडतात ते नव्या देहात. काम फत्ते झाले असे आपल्याला वाटते, इतक्यात पलीकडच्या खुर्चीतून सायमनचाच आवाज येतो. हे चाललेच नाही, मी अजून इथेच आहे, असे तो सांगत असतो. कॅथरीन त्याला झोपवते. मग खेळणाऱ्यासमोर प्रश्न येतो: या मागे राहिलेल्या सायमनची वीज काढून त्याला संपवायचे, की झोपलेला तसाच सोडून जायचे?

शेवटी तारू तोफेतून सुटते. आधीच्या क्षणी दोघांच्या नोंदी त्यात गेलेल्या असतात. पण सायमन जिथे होता तिथेच, समुद्राच्या तळाशी, खुर्चीत बसलेला असतो. तो चिडतो, कॅथरीनशी भांडतो. भांडणाच्या भरात तिची यंत्रणाही जळते. अंधारात एकटा सायमन तिला हाका मारत राहतो आणि श्रेयनामावली सुरू होते. नामावलीनंतर पडदा पुन्हा उजळतो. तारवातल्या हिरव्यागार, उन्हाने भरलेल्या जगात सायमन डोळे उघडतो. पलीकडे कॅथरीन उभी आहे.

आता हिशेब मांडू. सायमन एकूण चार. पहिला टोरोंटोत मेला. दुसरा ओमिक्रॉनच्या खुर्चीत राहिला. तिसरा समुद्रतळाशी राहिला. चौथा तारवात आहे. नोंद तीन वेळा चालू झाली आणि तिन्ही वेळा घडले ते एकच: मूळ जागच्या जागी राहिले आणि नवी नक्कल निर्माण झाली. यात एवढासुद्धा अपवाद नाही. मग फरक कुठे पडला? फरक पडला तो फक्त आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहतो यात. पहिल्या दोन वेळी लेखकाने आपल्याला उचलून नकलेच्या डोळ्यांमागे बसवले. तिसऱ्या वेळी त्याने आपल्याला मुळाजवळच ठेवले आणि नामावली संपेपर्यंत तिथून हलू दिले नाही. खेळाच्या संवादांत या प्रकाराला नाणेफेकीची उपमा येते. छापा पडला तर पलीकडे जाग येणार, काटा पडला तर इथेच राहणार. पुष्कळ खेळणारे हीच उपमा खरी धरून चालतात आणि तिसऱ्या वेळी सायमन हरला म्हणून हळहळतात. पण नाणे कधी उडवलेलेच नव्हते. त्या खोल्यांतून एका देहातून दुसऱ्या देहात काहीही गेले नाही. उडी मारली ती निवेदनाने.

आपल्या परंपरेतील परकायाप्रवेशाची कथा शेजारी ठेवली की हा मुद्दा अधिक उलगडतो. आद्य शंकराचार्यांनी अमरू राजाच्या मृत देहात प्रवेश केला, तेव्हा त्यांचा स्वतःचा देह शिष्य राखत बसले होते, अशी आख्यायिका आहे. त्या कथेत आत्मा एक आहे, तो इथून निघतो आणि तिथे पोहोचतो. मागे राहतो तो रिकामा देह. सायमन स्वतःच्या बाबतीत असेच धरून चालला आहे. तो परकायाप्रवेशाच्या भाषेत बोलतो आणि यंत्र मात्र नकला काढते. कचेरीतून जमिनीच्या उताऱ्याची नक्कल आपण काढतो (आपल्या भागात कन्नडमध्येही तिला ‘नकलु’च म्हणतात), तेव्हा कचेरीतला मूळ कागद कोरा होत नाही. दाखल्याच्या प्रतीवर ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारून मी रोज सह्या करतो. मूळ दाखला पालकांच्या हातातच राहतो. इतकी साधी गोष्ट सायमनला का कळत नाही, असा आक्षेप या खेळावर वारंवार घेतला जातो. मला तो आक्षेप मान्य नाही. कागदाच्या बाबतीत कळणारी गोष्ट ‘मी’च्या बाबतीत कळत नाही, हाच तर कथेचा विषय आहे. आणि सायमनला नावे ठेवणाऱ्यांनी स्वतःला विचारावे: ओमिक्रॉनमध्ये मागच्या खुर्चीतला आवाज ऐकूनही, शेवटी तारवात आपणच जाणार, असे आपल्याला वाटत होते की नाही?

लेखकाने हा भ्रम आपल्यात पेरला नसता आणि चार सायमन बाहेरून दाखवले असते, तर एक चुरचुरीत तात्त्विक कोडे तयार झाले असते. तसली कोडी तत्त्वज्ञानाला नवी नाहीत. राजपुत्राचे मन चांभाराच्या देहात गेले तर तो कोण, हा प्रश्न जॉन लॉकने सतराव्या शतकात विचारला. डेरेक पारफिट यांनी १९८४ च्या ग्रंथात, माणसाची नक्कल मंगळावर तयार करणारे आणि मूळ माणूस पृथ्वीवर तसाच ठेवणारे यंत्र कल्पून जवळजवळ हाच प्रसंग उभा केला. पण ही कोडी वाचताना आपण काठावर सुरक्षित असतो. ‘सोमा’त खुर्चीत आपण बसलेले असतो. प्रथमपुरुषी निवेदन इथे युक्तिवादाचे काम करते, आणि ही या कृतीची सर्वांत मोठी मिळकत आहे.

हा विचार खेळात अनेक अंगांनी येतो. केंद्रातील मार्क सारंग नावाच्या गृहस्थाने असे मांडलेले असते, की नोंद होताच मूळ माणसाने मरून जावे. म्हणजे ‘मी’ एकच उरतो आणि तो तारवात सलग चालू राहतो. त्याने स्वतः तसे केले आणि आणखी काहींनी त्याचा कित्ता गिरवला. दुसऱ्या प्रसंगी एक सांकेतिक शब्द काढून घेण्यासाठी सायमन आणि कॅथरीन ब्रँडन वान याची नोंद पुन्हा पुन्हा चालू करतात. तो सावध झाला, घाबरला की बंद करायचा आणि नव्याने सुरू करायचा. नकलेला माणूस मानायचे की नाही, हे आपण सोयीनुसार ठरवतो: स्वतःची असेल तर ती ‘मी’, दुसऱ्याची असेल तर ती वस्तू. ही बोच लेखकाने एकही शब्द न बोलता दिली आहे. या साऱ्या नकलांच्या गर्दीत साराह लिंडवॉल ही शेवटची जिवंत, हाडामांसाची स्त्री भेटते. तिला तारवात जायचे नाही. तिला शांतपणे मरायचे आहे आणि त्यासाठी ती सायमनची मदत मागते. जगणे आणि कसेही करून चालू राहणे यांतला फरक तिला कळलेला आहे.

दोष नाहीत असे नाही. केंद्रात फिरणाऱ्या विद्रूप प्राण्यांपासून लपत पळण्याचे प्रसंग फार आहेत आणि ते चिंतनाचा धागा तोडतात. २०१७ मध्ये याच खेळात हे प्राणी जीव घेणार नाहीत अशी सोय केली गेली. त्या सोयीने खेळल्यास कथेचे काही बिघडत नाही. यावरूनच तो भाग किती वरवरचा होता ते दिसते. शेवटही जरा दुहेरी आहे. नामावलीनंतरचे ऊन पाहून सुखान्त झाला असे मानणारे काही असतात, आणि समुद्रतळाचा अंधार हाच खरा शेवट मानणारे काही. दोन्ही खरे आहेत. ते दोन वेगळ्या माणसांचे शेवट आहेत.

आणि इथे ओमिक्रॉनच्या त्या खुर्चीकडे परत जावे लागते. झोपलेल्या सायमनला मारणे क्रूर वाटते, म्हणून पुष्कळजण त्याला तसाच सोडून पुढे जातात आणि आपण दया केली असे मानतात. पण तो जागा होईल तेव्हा काय? निर्जन केंद्र, अंधार, आणि कॅथरीनही नाही. पुढे तिसऱ्या सायमनच्या वाट्याला नेमके हेच येते. आपण दुसऱ्यावर जे सोडून आलो, तेच काही तासांनी आपल्यावर येते. खेळ आपल्याला त्याबद्दल गुण देत नाही की शिक्षा करत नाही. तो फक्त ती जागा आपल्याला आतून दाखवतो.

मग तिसऱ्या सायमनचे कष्ट वाया गेले काय? तो तसे मानतो, कारण फळ स्वतःला मिळेल या समजुतीने त्याने काम केले होते. कर्मावर अधिकार आणि फळावर नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण फळ मिळालेला माणूस आपल्याच नावाचा, आपल्याच आठवणींचा असूनही आपण नसू, ही वेळ या कथेने आणली आहे. मिलिंद राजाच्या प्रश्नांना उत्तरे देताना नागसेनाने दिव्याचा दृष्टान्त दिला आहे: एका दिव्याने दुसरा लावला, तर पहिल्यातून दुसऱ्यात काही उचलून गेले असे नाही. दिवाळीत पणतीने पणती लावताना आपणही हेच करतो. दुसरी पेटली म्हणून पहिली विझत नाही. ती तिच्या जागी, तिच्या तेलापुरती जळत राहते. सायमनला हे कळले असते तर तो कदाचित शांतपणे अंधारात बसू शकला असता.

आपल्या सीमाभागातल्या कित्येक घरांत मुले शिकून पुण्याला, बंगळूरला, परदेशी जातात आणि आईवडील जुन्या घरात राहतात. मुलांच्या रूपाने आपणच तिकडे गेलो, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते खरे नाही. आपण इथेच असतो. तिकडे जो आहे तो दुसरा कोणी आहे, आणि त्याचे भले झाले तर ते त्याचे भले आहे. एवढे मान्य करूनही त्याला पाठवण्यासाठी झिजायला तयार असणे, हीच कदाचित माणसाची थोरवी. ‘सोमा’चा नायक तिथवर पोहोचत नाही. तो का पोहोचला नाही याचा विचार खेळणाऱ्याला करायला लावणारी ही कृती, घरातल्या मुलांबरोबर बसून बोलण्याजोगी नक्कीच आहे.